जुनं १५५३ कार्ड एफपीजीएवर आणायचंय: सिम्युलेशन कुठून सुरू करू?

महापे_बेंच
नमस्कार मंडळी. महाप्याच्या एका छोट्या युनिटकडे लष्करी विमानातल्या एका इंटरफेस कार्डाचं काम आलंय. मूळ कार्ड ऐंशीच्या दशकातलं आहे. ५४एलएस मालिकेच्या (जुन्या लष्करी दर्जाच्या लॉजिक) साधारण ७० चिपा, चार १६एल८ आणि दोन १६आर८ पॅल (आतलं लॉजिक एकदाच भरता येणाऱ्या चिपा), १५५३ बससाठी (विमानातली उपकरणं जोडणारी लष्करी मानकाची डेटा वाहिनी) एक हायब्रिड (एका डबीत बसवलेलं अनेक चिपांचं सर्किट) आणि २८ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा मॉड्यूल. हायब्रिड आणि पॅल खात्रीच्या ठिकाणाहून मिळत नाहीत, म्हणून तो सगळा भाग एका एफपीजीएत (आतलं सर्किट हवं तसं लिहिता येणाऱ्या चिपेत) घालायचा विचार आहे. आकार तोच, कनेक्टर तोच, बाहेरून काडीचाही फरक दिसता कामा नये. नग ४०. सोबत डेपोच्या (दुरुस्ती केंद्राच्या) टेस्टरवर चालणारा टेस्ट प्रोग्रॅमही द्यायचाय.

हातात काय आहे: सर्किटचे कागद, दोन चालू कार्डं, एक बंद पडलेलं कार्ड. पॅलची समीकरणं नाहीत आणि सिक्युरिटी फ्यूज उडवलेले आहेत.

प्रश्न असे. आधी जुन्या कार्डाचं मॉडेल करायचं की सरळ नव्याचं? १५५३ बस सिम्युलेशनमध्ये किती खोलात घ्यायची? वीजपुरवठा स्पाइसमध्ये (सर्किट सिम्युलेटरमध्ये) बघावा की बेंचवरच? आणि टेस्ट प्रोग्रॅमसाठी दोषांचं सिम्युलेशन करून खरंच फायदा होतो का?

नियंत्रक
विमानाचं नाव, ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, सर्किटचे फोटो यातलं काहीही इथे टाकू नका. चर्चा जाहीर मानकं आणि डेटाबुकं यांच्या हद्दीतच राहू द्या. पॅल वाचायच्या आधी ग्राहकाची लेखी परवानगी फाइलला लावा.

पवईकर
जुन्याचं मॉडेल आधी. यात वाद नाही. नव्या कार्डाचं स्पेसिफिकेशन म्हणून तुमच्याकडे दुसरं आहेच काय? कागदावर जे लिहिलंय ते आणि कार्ड प्रत्यक्षात जे करतं ते, यात तीस-पस्तीस वर्षांच्या दुरुस्त्यांनी फरक पडलेला असतो. व्हीएचडीएल ही चिपांचं वर्णन करायची भाषा अमेरिकी संरक्षण खात्याच्या व्हीएचएसआयसी या वेगवान चिपांच्या कार्यक्रमातून आली (आयईईई १०७६, १९८७) ती मुळात याच दुखण्यावर औषध म्हणून. चिप बंद झाली तरी ती काय करत होती ते चालवून बघता येईल अशा रूपात शिल्लक राहावं, ही मागणी होती.

पॅलपासून सुरुवात करा. सिक्युरिटी फ्यूज उडालेला असला की आतला नकाशा वाचता येत नाही, पण वागणूक वाचता येते. १६एल८ला १० इनपुट पिना आणि सहा दुतर्फा पिना, म्हणजे जास्तीत जास्त १६ इनपुट आणि ६५,५३६ जोड्या. प्रत्येकीला १० मायक्रोसेकंद दिले तरी एका सेकंदात काम संपतं. दुतर्फा पिना थेट चालवू नका, २.२ किलोओहममधून चालवा. एकदा हाय, एकदा लो द्या. पिन तुमच्यामागे आली तर ती मोकळी, नाही आली तर पॅल ती चालवतोय. किंमत ४.७ किलोओहमवर नेऊ नका. बायपोलर इनपुटातून बाहेर येणाऱ्या करंटमुळे लो पातळी ०.८ व्होल्टच्या वर चढू शकते आणि तक्ता चुकीचा भरतो.

सगळ्या जोड्या चढत्या क्रमाने द्या, मग उतरत्या, मग विस्कळीत. तिन्ही तक्ते जुळले तर पॅल निव्वळ कॉम्बिनेशनल, म्हणजे आउटपुट फक्त त्या क्षणीच्या इनपुटांवर ठरणारा. नाही जुळले तर आत फीडबॅकने केलेला लॅच (एक बिट धरून ठेवणारं सर्किट) दडलाय. मूळ डिझायनर एखादी चिप वाचवायला हे सर्रास करत.

१६आर८ उलट सोपा, कारण आठही रजिस्टर पिनांवर दिसतात. छुपी अवस्था नाही. पॉवर दिल्यावर आलेल्या अवस्थेपासून सुरू करा, आठ इनपुटांच्या २५६ जोड्या द्या, ज्या नव्या अवस्था सापडतील त्यांच्यावर पुन्हा तेच. कार्डावर कधीच न येणाऱ्या अवस्थाही मॉडेलमध्ये ठेवा. वीज दचकली की नेमकं तिथेच जाऊन बसतं.

मग वेळ. ५४एलएस००चा विलंब डेटाबुकात नेहमीचा ९-१० नॅनोसेकंद, कमाल १५. किमान लिहिलेलाच नसतो. मॉडेल दोन टोकांना चालवा: एकदा सगळे विलंब कमाल, एकदा शून्याजवळ. दोन्हीकडे निकाल सारखा आला तर ते सर्किट एफपीजीएत सुखाने जाईल. फरक पडला तिथे मूळ डिझाइन गेटच्या विलंबावर विसंबून आहे. तीन इन्व्हर्टर ओळीने लावून राइट पल्स पुढे ढकललेला, असले प्रकार. एफपीजीएचं सिंथेसिस टूल (कोडवरून सर्किट बनवणारं) हे इन्व्हर्टर निरुपयोगी म्हणून खुशाल उडवून टाकतं आणि वर सांगतही नाही. असा प्रत्येक विलंब क्लॉकवर चालणाऱ्या काउंटरने नव्याने लिहा. ५४एलएस२२१ वन-शॉट (ठरावीक लांबीचा एकच पल्स देणाऱ्या चिपा) असतील तर पल्स साधारण ०.७ गुणिले आर गुणिले सी. आर आणि सी कागदावरून घेऊ नका, कार्डावर मोजा.

काउंटर आणला की बाहेरून येणारे सिग्नल क्लॉकशी जुळवायला दोन फ्लिपफ्लॉप लागतात. १६ मेगाहर्ट्झला क्लॉकची एक फेरी ६२.५ नॅनोसेकंदांची, म्हणजे कडा कधी आली त्यावर सव्वाशेपर्यंत उशीर. प्रोसेसर बसच्या रीड सायकलमध्ये तेवढी सवड आहे का ते आधी बघा. नसेल तर आतला क्लॉक वाढवा, फ्लिपफ्लॉप कमी करू नका. मेटास्टेबिलिटी (फ्लिपफ्लॉपचं ० आणि १च्या मध्ये लटकणं) सिम्युलेटरला दिसत नाही. तिथे सगळं छान चालतं आणि खऱ्या कार्डावर आठवड्यातून एकदा कुठूनतरी कचरा येतो.

शेवटी दोन्ही मॉडेलं एकाच टेस्टबेंचमध्ये (मॉडेलला इनपुट देऊन उत्तर तपासणाऱ्या कोडमध्ये) शेजारी लावा, इनपुट एकच, तुलना फक्त कनेक्टरच्या पिनांवर. इनपुट म्हणून चालू कार्डावरून लॉजिक अॅनालायझरने पकडलेला खरा व्यवहार द्या. हाताने लिहिलेले व्हेक्टर (इनपुटांचे संच) माणसाला सुचतील तेवढेच असतात.

बसमॉनिटर
१५५३पुरतं बोलतो. डिजिटल बाजू आणि तार वेगवेगळी सिम्युलेट करा. एकत्र केली तर दिवसभरात चार मेसेजसुद्धा पुढे सरकणार नाहीत.

डिजिटल बाजू: १ मेगाबिट, मँचेस्टर कोडिंग (दर बिटाच्या मध्यात पातळी बदलणारं), एक शब्द २० मायक्रोसेकंदांचा (सिंक ३, डेटा १६, पॅरिटी १). १५५३बी या नंतरच्या आवृत्तीत रिमोट टर्मिनलने (बस कंट्रोलरच्या कमांडला उत्तर देणाऱ्या कार्डाने) ४ ते १२ मायक्रोसेकंदांत उत्तर द्यायचं. इथे बहुतेक जण फसतात: ही वेळ शेवटच्या शब्दाच्या पॅरिटी बिटाच्या मध्यापासून स्टेटस शब्दाच्या सिंकच्या मध्यापर्यंत मोजतात. तारेवरच्या शांततेची वेळ याहून २ मायक्रोसेकंद कमी असते, अर्धा मागच्या पॅरिटीचा आणि दीड सिंकचा. टेस्टबेंचने शांतता मोजली तर ३ मायक्रोसेकंदांचं निर्दोष उत्तर तुम्ही नापास कराल.

तुमचं कार्ड खरंच १५५३बी आहे का, तेही तपासा. जुन्या १५५३एमध्ये (१९७५) उत्तर २ ते ५ मायक्रोसेकंदांत आणि मोजणी शांततेची, म्हणजे बीच्या पट्टीवर ४ ते ७. विमानातला बस कंट्रोलर त्या काळातला असेल तर बीच्या नियमात बसणारं ११ मायक्रोसेकंदांचं उत्तर तो 'आलंच नाही' असं धरू शकतो. आजचे बहुतेक आयपी कोअर (एफपीजीएसाठीची तयार डिझाइनं) बीसाठी लिहिलेले असतात. चालू कार्डाची उत्तराची वेळ हजारभर मेसेजवर मोजा आणि नव्याची त्याच पट्ट्यात बसवा, मानकाच्या सगळ्या पट्ट्यात नव्हे.

चुकीच्या शब्दांवरची वागणूकही अशीच तपासा. कमांड बरोबर पण डेटा शब्दाची पॅरिटी चुकली, तर टर्मिनलने गप्प बसायचं आणि मेसेज एररचा बिट मनात ठेवायचा. पुढे कंट्रोलरने 'स्टेटस पाठव' किंवा 'मागची कमांड पाठव' हा मोड कोड दिला तरच तो बिट बाहेर येतो. टेस्टबेंचमध्ये किमान एवढे दोष घाला: पॅरिटी, उलटा सिंक, एक शब्द कमी, एक जास्त, शब्दांमध्ये फट, दुसऱ्या बसवर मध्येच नवी कमांड. शेवटचा सगळ्यात वाईट. पहिली बस सोडून दुसरीवर उत्तर द्यायचं असतं आणि अर्धवट आलेला डेटा प्रोसेसरला दाखवायचा नसतो.

तार: ट्रान्सफॉर्मर कपलिंगच्या स्टबवर (मुख्य बसपासून कार्डाकडे येणाऱ्या फांदीवर) टर्मिनलचा आउटपुट १८ ते २७ व्होल्ट पीक-टू-पीक, चढण्या-उतरण्याची वेळ १०० ते ३०० नॅनोसेकंद, झीरो क्रॉसिंगची चूक २५ नॅनोसेकंदांच्या आत. स्पाइसमध्ये ट्रान्सफॉर्मर आदर्श धरलात तर वेव्हफॉर्म देखणा येईल आणि खोटा. लीकेज आणि मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स दोन्ही घाला, मेसेज संपल्यावर येणारी शेपटी त्याशिवाय दिसत नाही. कपलरमधले (बस आणि स्टब जोडणाऱ्या डबीतले) आयसोलेशन रेझिस्टर केबलच्या इंपिडन्सच्या ०.७५ पट. स्टब २० फुटांपर्यंत. आणि टर्मिनेटर (टोकाचा रेझिस्टर) फक्त बसच्या दोन टोकांना. बेंचवर कोणीतरी स्टबलाही एक लावून ठेवतो आणि मग सगळे ट्रान्सीव्हरला शिव्या घालत बसतात.

नॉइज टेस्ट मात्र सिम्युलेशनवर भागवू नका. २.१ व्होल्टचा सिग्नल, त्यावर १ किलोहर्ट्झ ते ४ मेगाहर्ट्झचा १४० मिलिव्होल्ट आरएमएस नॉइज, आणि एक कोटी शब्दांत एकाहून जास्त चूक नको. एवढे शब्द सिम्युलेटरमध्ये ढकलण्यापेक्षा बेंचवर पटकन होतं.

गिरगाव_पॉवर
वीजपुरवठा आधी सिम्युलेट करा, मग बेंच. दोन ठिकाणी कॉपर पुन्हा काढायची वेळ येते, ती दोन्ही सांगतो.

पहिलं, खंड. मिल-एसटीडी-७०४एफ या विमानातल्या विजेच्या मानकाप्रमाणे पुरवठा ५० मिलिसेकंदांपर्यंत पूर्ण जाऊ शकतो. तेवढ्या वेळात कार्डाने चालू राहायचं की शिस्तीत रीसेट व्हायचं, हे ग्राहकाकडून लेखी घ्या. चालू राहायचं असेल तर हिशेब बघा. ३० वॅटचा लोड, ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे ३७.५ वॅट गुणिले ५० मिलिसेकंद, साधारण १.९ जूल. कपॅसिटर २२ व्होल्टवरून १६वर उतरू दिलात तर सुमारे १६,५०० मायक्रोफॅरड लागतात. तोच साठा ५० व्होल्टवर ठेवून २०पर्यंत उतरवलात तर १,८००मध्ये भागतं. जुन्या आकारात पहिला पर्याय मावणार नाही. इलेक्ट्रोलिटिक असेल तर मॉडेलमध्ये थंडीतली किंमत घाला. उणे ४०ला ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) कित्येक पट होतो आणि कपॅसिटन्सही घसरतो. खोलीच्या तापमानाला पास झालेलं डिझाइन चेंबरमध्ये याच कारणाने पडतं.

दुसरं, इनपुट फिल्टरचं डोलणं. स्थिर वॅट घेणारा कन्व्हर्टर इनपुटला ऋण रेझिस्टन्ससारखा वागतो. २२ व्होल्टला, ३७.५ वॅटवर तो उणे १२.९ ओहम. तुमचा फिल्टर ४७ मायक्रोहेन्री आणि ४.७ मायक्रोफॅरडचा असेल तर त्याचा स्वभावाचा इंपिडन्स ३.२ ओहम, पण क्यू (रेझोनन्सची तीव्रता) ५ असला की शिखर १६ ओहमांवर जातं. १२.९ ओलांडला, फिल्टर डोलणार. वर एक्स७आर जातीचा सिरॅमिक कपॅसिटर २८ व्होल्टखाली निम्म्यावर आला तर आणखी वाईट. उपाय स्वस्त आहे: मूळ कपॅसिटरच्या चौपट कपॅसिटन्सचा दुसरा, ३ ओहमच्या रेझिस्टरमागे, समांतर लावा. सिम्युलेशन इनपुट २२ व्होल्टला आणि पूर्ण लोडवर करा. २८ला केलंत तर सगळं शांत दिसतं.

महापे_बेंच
धन्यवाद, भरपूर मिळालं. टेस्ट प्रोग्रॅमबद्दल कोणी बोलेल का? डेपोत जुनी आणि नवी कार्डं काही वर्षं एकत्रच असणार. प्रोग्रॅम दोन्हींना चालला पाहिजे.

टेस्टर_ठाणे
मग आधी त्याचे दोन तुकडे करा. कनेक्टरवरून चालणारी पास-नापास चाचणी दोन्हींना एकच. निदान वेगळं. जुन्यासाठी दोषांचं सिम्युलेशन आणि प्रोब, नव्यासाठी बाउंडरी स्कॅन (चिपेच्या पिना आतूनच तपासायची पद्धत, आयईईई ११४९.१). एफपीजीएच्या आत पिन अडकल्याचे दोष मोजत बसण्यात अर्थ नाही. त्यासाठीच्या जेटॅगच्या चार-पाच पिना कनेक्टरवर मोकळ्या जागी आणता येत नसतील तर कार्डावर पॅड ठेवा, पण कोटिंगच्या वेळी ते झाका. नाहीतर डेपोवाले ब्लेडने खरवडत बसतील.

फायदा होतो का म्हणालात, तर जुन्या कार्डाला नक्की होतो. ७० चिपा, साधारण ९०० ते १,००० सिग्नल पिना. प्रत्येक ० किंवा १ला अडकलेली धरली की १,८०० ते २,००० दोष. हे हाताने कोणी तपासत नाही. सिम्युलेटर एकेक दोष घालून तेच व्हेक्टर चालवतो आणि कोणता दोष कोणत्या पिनेवर, कितव्या व्हेक्टरला उघडा पडतो त्याचा कोश बनवतो. तो कोश टेस्टरकडे नेण्यासाठी आयईईई १४४५चं फाइल स्वरूप आहे. डेपोचा टेस्टर ते वाचतो का, आत्ताच विचारा.

कुठे अडतं? पहिल्यांदा सुरुवातीच्या अवस्थेवर. रीसेट नसलेला ५४एलएस७४, क्यू-बार परत डीला जोडलेला. सिम्युलेटरमध्ये तो जन्मभर अज्ञात राहतो, खरा मात्र ० किंवा १ कशावरही उठतो. कंटाळून लोक मॉडेलमध्ये त्याला ० देतात. मग चाचणी निम्म्या वेळा चांगलं कार्ड नापास करते. बरोबर रीत अशी: टेस्टरमध्ये आउटपुट १ दिसेपर्यंत क्लॉक द्या, फेऱ्यांना मर्यादा घाला, आणि त्यानंतरच स्ट्रोब (आउटपुट वाचायचा क्षण) उघडा. सिम्युलेशन त्या ओळखीच्या अवस्थेपासून सुरू करा.

दुसरं, टक्केवारीची फुगवाफुगवी. चांगल्या कार्डात १ आणि दोषी कार्डात 'अज्ञात' आलं तर सिम्युलेटर त्याला 'कदाचित सापडेल' म्हणतो. ते सापडलेल्यांत धरू नका. तर्काने कधीच न दिसणारे दोषही असतात, उदाहरणार्थ ग्लिच मारायला मुद्दाम घातलेलं जास्तीचं गेट. ते वेगळ्या यादीत, कारणासह. ग्राहक ही यादी वाचतो.

तिसरं, स्ट्रोबची जागा. जुनं कार्ड संथ, नवं चपळ. स्ट्रोब अशा खिडकीत हवा जिथे जुन्याचं कमाल विलंबाचं उत्तर येऊन स्थिरावलंय आणि नव्याचं पुढच्या क्लॉकमुळे अजून बदललेलं नाही. टेस्टरचा स्क्यू (पिनांमधला वेळेचा फरक) दोन्ही बाजूंनी वजा करा. पवईकरांनी सांगितलेली दोन टोकांची सिम्युलेशनं इथे आयती कामाला येतात.

स्वीकृतीच्या वेळी ग्राहक यादीतले काही दोष खऱ्या कार्डात घालून दाखवायला सांगेल. त्यासाठी बंद पडलेलं कार्ड आधी दुरुस्त करून ठेवा, चालू कार्डांना हात लावू नका. ०ला अडकवायचं तर आउटपुट क्लिपने ग्राउंड करा, पण एका वेळी एकच आणि एका सेकंदाच्या आत, डेटाबुकाची मर्यादा तीच आहे. म्हणजे तो भाग तेवढ्या वेळात चालून संपला पाहिजे. १ला अडकवायचं तर आउटपुट कधीही ५ व्होल्टला जोडू नका, खालचा ट्रान्झिस्टर जाईल. पुढच्या चिपेची इनपुट पिन उचला. एलएसचं मोकळं इनपुट १सारखंच वागतं.

पवईकर
वरच्यात एक भर. सगळं एकत्र जोडून हार्डवेअर-इन-द-लूप (खरं हार्डवेअर सिम्युलेशनला जोडून चाचणी) कराल तेव्हा खरं कार्ड लूपमध्ये ठेवा, त्याचं मॉडेल नाही. ४ जून १९९६ला एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात गेलं. ६४ बिटांचा फ्लोटिंग आकडा १६ बिटांच्या पूर्णांकात मावला नाही आणि जडत्वमापक युनिट बंद पडलं. जमिनीवरच्या एकत्रित चाचण्यांत ते युनिट खरं नव्हतं, त्याजागी सिम्युलेशन होतं. आणि इनपुटांच्या टोकांना जा. फेब्रुवारी २००७मध्ये हवाईहून जपानकडे निघालेल्या अमेरिकी एफ-२२ लढाऊ विमानांची नेव्हिगेशन यंत्रणा १८० अंश रेखांश ओलांडताना कोलमडली आणि ती टँकर विमानांच्या मागे परत आली. तुमच्या कार्डावरून कोन जात असतील तर १७९.९९ ते उणे १७९.९९ हा प्रवास, शून्य रेखांश आणि शून्य अक्षांश, तिन्ही सिम्युलेशनच्या यादीत हवेत.

महापे_बेंच
शेवटचा प्रश्न. प्रोटोटाइपपुरत्या ५४एलएस चिपा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून घेतल्या तर चालतील? आणि एफपीजीए एसरॅमचा (वीज जाताच आतलं सर्किट विसरणारा) की फ्लॅशचा (ते धरून ठेवणारा)?

टेस्टर_ठाणे
जिगचे कनेक्टर, प्रोब, क्लिपा, रिबन केबल खुशाल तिथून घ्या. विमानात जाणारी किंवा मॉडेल मोजायला वापरणार असलेली चिप नको. लॉटचा माग आणि उत्पादकाचं अनुरूपता प्रमाणपत्र नसेल तर ७४एलएसवर ५४एलएस छापलेलं असू शकतं, आणि तुमचे विलंबाचे सगळे आकडे त्याच्यावर उभे राहतील. २०१२च्या अमेरिकी सिनेट समितीच्या अहवालात बनावट भागांची सुमारे १,८०० प्रकरणं आहेत, म्हणजे दुखणं फक्त आपल्या बाजाराचं नाही.

बसमॉनिटर
फ्लॅशचा. उंचीवर न्यूट्रॉनचा मारा जमिनीपेक्षा शेकडो पटीने जास्त असतो. एसरॅमच्या एफपीजीएत एक बिट उलटला की डेटा नाही, सर्किटच बदलतं. शिवाय तो पॉवर आल्यावर कॉन्फिगर व्हायला वेळ घेतो, आणि तोवर तुमच्या आउटपुट पिना कुठे आहेत याचं उत्तर आरटीएल (सिंथेसिसआधीच्या कोडच्या) सिम्युलेशनमध्ये कुठेच नसतं. आतले फ्लिपफ्लॉप मात्र फ्लॅशमध्येही उलटतात. स्टेट मशिनच्या प्रत्येक बेकायदा अवस्थेत मुद्दाम ढकलून बघा, ती स्वतःहून परत येते का. सिंथेसिस टूल अशा अवस्थांतून परतायची वाट अनावश्यक म्हणून कापतं, त्यामुळे ही चाचणी सिंथेसिसनंतरच्या नेटलिस्टवर (गेटांच्या जोडणीच्या यादीवर) करा.

टेस्टर_ठाणे
आणि चाचणी जून ते सप्टेंबरमध्ये महाप्यातच घेणार असाल तर टेस्टर आणि कार्ड यांच्यामधल्या अॅडॉप्टरची सातत्य तपासणी प्रोग्रॅमच्या पहिल्या पायरीत घाला, दर कार्डागणिक. दमट हवेत संपर्कांवर थर चढतो, ग्राउंडच्या पिनेत ओहमभर वाढ झाली की एलएसची लो पातळी वर सरकते, आणि कोश भलत्याच चिपेकडे बोट दाखवतो. ग्राउंडच्या पिना चार तारांच्या पद्धतीने मोजा. साध्या मीटरच्या दोन तारांनी हा फरक कळत नाही.